टिंबाआधी दार वाजवणारे सर

दिग्रसच्या बसस्टँडसमोरच्या चहावाल्याने आमच्या सरांसाठी एक उत्तर पाठ करून ठेवलं होतं. सर गाडीसमोर येऊन उभे राहिले की त्यांचे प्रश्न ठरलेले. "शेगडी आहे का? शेगडीवर भगोनं आहे का? भगोन्यात चहा आहे का?" शेगडी समोर भणभण पेटलेली असायची, भगोन्यातली वाफ सरांच्याच चष्म्यावर बसत असायची, पण विचारल्याशिवाय त्यांना चहा मागता येत नसे. चहावाला मान वर न करता म्हणायचा, "है सर, है, है. और कप भी है." मग सर समाधानाने म्हणायचे, "मंग एक द्या."

नवख्या माणसाला वाटे, हा गृहस्थ चहावाल्याची टर उडवतो आहे, नाहीतर याचं डोकं तरी फिरलेलं आहे. पहिलं खरं नव्हतं. दुसऱ्याबद्दल गावात दोन मतं होती आणि मी आठवड्यातून निदान एकदा तरी मत बदलायची.

बसस्टँडमागच्या गल्लीत, जनावरांच्या सरकी-ढेपेच्या दुकानाच्या माडीवर सरांचा कॉम्प्युटर क्लास होता. खाली ढेपेचा वास, वर जुने पंखे, आणि हंगामात जिनिंगच्या कारखान्याकडून उडत येणारा कापूस थेट की-बोर्डात जाऊन बसायचा. सर तो दाढीच्या ब्रशने झाडत. पोरांना टायपिंग शिकवणं हा पोटापाण्याचा धंदा. खरा जीव होता वेबपानं बनवण्यात. जिनिंगवाल्यांची, शाळांची, मंगल कार्यालयांची पानं ते बनवत. मी तिथे आधी शिकले आणि मग तिथेच कामाला लागले. आता मी यवतमाळला एका कंपनीत हेच काम करते आणि माझ्या हाताखालची मुलं माझ्या पाठीमागे माझी नक्कल करतात. ती नक्कल माझी नसून सरांची आहे, हे त्यांना ठाऊक नाही.

प्रवेश घ्यायला गेले तो दिवस माझ्या चांगला लक्षात आहे. सरांनी मला समोर बसवलं, पेन उघडलं आणि विचारलं, "तुले नाव आहे का?"

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मी म्हटलं, "आहे."

"काय आहे?"

मी सांगितलं. मग गाव आहे का, आहे तर कोणतं. आई आहे का, आहे तर काय करते. मी सांगितलं, अंगणवाडीत आहे. मग त्यांनी त्याच सुरात विचारलं, "वडील आहे का?"

इथे मी अडले. माझे वडील जिवंत होते. मी शाळेत जायला लागले त्या सुमारास ते कामाला म्हणून सुरतेकडे गेले आणि तिकडेच दुसरा संसार मांडून राहिले. त्यांच्या नावाआधी 'दिवंगत' लावता येत नव्हतं आणि त्यांचं नाव घरात घेतलेलं आईला चालत नव्हतं. शाळेत, बँकेत, रेशन दुकानात, लग्नाकार्यात, सगळीकडे लोक मला एकच विचारत, "वडील काय करतात?" म्हणजे वडील आहेत, हे त्यांनी आधीच ठरवून टाकलेलं. मग मी चाचरायची, काहीतरी जुळवायची आणि घरी येऊन आईवर चिडायची. आहेत का, असं पहिल्यांदाच कोणीतरी विचारत होतं.

मी म्हटलं, "नाई."

"बरं," सर म्हणाले. "मंग त्याच्या आतलं काही विचारत नाही." आणि त्यांनी खरंच पुन्हा कधी विचारलं नाही. माणूस तिरसट होता, कौतुक करायला कंजूष होता, स्वतःच्या की-बोर्डला कोणाला हात लावू देत नसे, पण त्या एका वाक्यामुळे मी त्यांचं पुढचं सगळं सहन केलं.

वेबपानाचा साचा म्हणजे काय, हे सर लग्नपत्रिकेवरून शिकवत. मजकूर छापून तयार, फक्त नावांच्या जागा मोकळ्या. पण मोकळ्या जागेत नाव लिहायचं नसतं, नावापर्यंत जायचा रस्ता लिहायचा असतो. लग्नाचा उमेदवार टिंब आई टिंब भाऊ टिंब गाव. उमेदवाराच्या डब्यात आईचा डबा, तिच्या डब्यात तिच्या भावाचा डबा, आणि त्याच्या आत त्याचं गाव. सगळं जग 'डॉट' म्हणत असताना सर 'टिंब' म्हणत. "टिंब म्हंजे उंबरठा," ते सांगत. "टिंबाआधी दार वाजवाचं. आत कोणी आहे का पाहाचं. घरच नाही अन् तू त्याच्या माजघरात घुसाले गेली, तं तोंडावर पडशीन." तसंच व्हायचं. नसलेल्या डब्याच्या आतलं काही मागितलं की अख्खं पान पांढरंफटक पडायचं.

दुसरी चूक याच्या उलट. डब्यापर्यंत पोचायचं पण आत जायचंच नाही. 'आईचा भाऊ' एवढंच लिहून थांबलं की कॉम्प्युटर बिचारा नाव कुठून दाखवणार? तो इंग्रजीत 'ऑब्जेक्ट ऑब्जेक्ट' असं छापून मोकळा होतो. म्हणजे डबा आहे बुवा, आत काय आहे ते तुम्ही विचारलंच नाही. ही चूक सर गाढवाची चूक मानत. पोरांपैकी कोणी केली की त्याला खाली पाठवून ढेपवाल्याला विचारून यायला लावत, की पोतं विकतो का पोत्यातली ढेप विकतो. ढेपवाल्याने पुढे पुढे उत्तर देणं सोडलं. नुसता वर हात करायचा.

हे सगळं क्लासपुरतं राहिलं असतं तर कोणाची काही तक्रार नव्हती. पण सर तसेच जगत. जेवणाचा डबा उघडण्याआधी झाकणावर बोटाने टकटक करत. भाजी त्यांनीच सकाळी भरलेली असे. पत्ता सांगताना "दिग्रस टिंब बसस्टँड टिंब मागची गल्ली टिंब ढेपेचं दुकान टिंब जिना" असा सांगत, आणि कुरिअरवाला दरवेळी खालच्या ढेपवाल्याला विचारून वर येई. बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीत त्यांचं तोंड दिसलं की आतला बाबू चष्मा काढून ठेवायचा. "पुसदची गाडी आहे का? गाडीले ड्रायव्हर आहे का? ड्रायव्हर आला का?" बाबू म्हणायचा, "सर, गाडी समोर उभी आहे, बसा ना जाऊन." सर बसत नसत. ड्रायव्हर वर चढताना डोळ्यांनी दिसेपर्यंत खालीच उभे राहत, आणि तेवढ्यात त्यांची जागा हमखास जाई. सरांनी पुसदपर्यंत उभ्याने प्रवास केलेला मी पाहिला आहे, आणि तोही अजिबात पश्चात्ताप न करता.

सरांचं लग्न झालं नव्हतं. एकदा मध्यस्थाने त्यांना यवतमाळला मुलगी पाहायला नेलं. पोहे आले. सरांनी मुलीच्या वडिलांना विचारलं, "तुमाले मुलगी आहे का?" वडील हसले, त्यांना वाटलं जावई विनोदी आहे. मुलगी आली, बसली. आता काय विचारायचं ते विचारा, असं सगळे म्हणाले. नाव, शिक्षण, स्वयंपाक येतो का, या वाटेने सगळे जातात. सरांनी विचारलं, "तुमाले लग्न कराचं आहे का?"

मुलगी घाबरली. मग खाली पाहत म्हणाली, "नाई. मले नर्सिंगले जायचं आहे."

"बरं," सर म्हणाले. "मंग पुढचं काही विचारत नाही." पोहे संपवले, मुलीच्या आईकडून पाणी मागून घेतलं आणि उठले. मध्यस्थ परतीच्या बसमध्ये त्यांच्यापासून लांबच्या सीटवर जाऊन बसला. त्याचा त्या घराशी जुना संबंध होता, तोही त्या दिवशी संपला. सरांना मात्र आपलं काय चुकलं ते कळलंच नाही. मला सांगताना म्हणाले, "पोरीनं सिधं सांगतलं, म्या सिधं ऐकलं. त्याच्यात एवढं तोंड फुगवाले काय झालं?" ती मुलगी पुढे नर्स झाली, असं ऐकलं. सरांच्या स्थळाचं मात्र मध्यस्थांनी नाव घेणंच सोडलं.

तर अशा माणसाकडे आमच्या समाजाच्या वधू-वर परिचय मेळाव्याचं काम आलं. दरवर्षी छापील पुस्तिका निघायची. या खेपेला वेबपान करायचं आणि मेळाव्यात एकेकाचं कार्ड पडद्यावर दाखवायचं, असं समितीने ठरवलं. समितीचे अध्यक्ष बसकंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, सगळे त्यांना भाऊ म्हणत. आवाज खणखणीत. निवृत्तीनंतरही माणसांना पुढे सरकवायची सवय गेली नव्हती. विहारात वंदनेच्या वेळीही दारात घुटमळणाऱ्यांना "चला, आत सरका, आत जागा हाय" म्हणत.

माझं कार्ड त्यात असणार होतं. मारेगावचा मामा हट्टाला पेटला होता. मला स्वतःला लग्नाची घाई नव्हती, पण नाही म्हणायचं कारणही नव्हतं. कारण होतं ते आईकडे. आधीच्या एका मेळाव्याला मामाने असंच माझं नाव दिलं होतं. आईने वडिलांच्या नावाची जागा कोरी सोडली. छापणाऱ्याने पुस्तिकेत 'वडील' असं लिहून पुढे एक जाड डॅश मारला. त्या दिवशी अर्ध्या हॉलने माझं शिक्षण वाचलं नाही, उंची वाचली नाही, तो डॅश वाचला. बाया पुस्तिका हातात घेऊन आईपाशी येऊन विचारत, "बाई, हे असं काहून?" आई दुपारच्या जेवणाआधी मला घेऊन निघून आली. चपला घालताना म्हणाली, "आता मी अशा जागी पाय ठेवत नाई." मला नवरा मिळो न मिळो, माझ्या आईला पुन्हा त्या डॅशसमोर बसावं लागू नये, एवढंच मला त्या पानाकडून हवं होतं.

भाऊ समितीला घेऊन माडीवर आले. जयभीम झाला, चहा झाला. पहिलं भांडण मामावरून.

"सर, मामाचं नाव वेगळं टाका," भाऊ म्हणाले. "मामा मोठा माणूस. आईच्या ओळीत कायले कोंबून राह्यले त्याले?"

"मामा वेगळा कसा पडन?" सर म्हणाले. "थो आईतून येते. आई नसती तं मामा कोठून येता?"

"अन् आईचं येवढं कायले? पुस्तिकेत निसतं 'सौभाग्यवती अमुक' रायते."

"पुस्तिकेत आई एक ओळ होती. इथं आई डबा आहे. नाव, शिक्षण, काम, गाव, भाऊ, सगळं तिच्या आत. जागा आहे, तं कायले कमी करता?"

भाऊंनी मामा तसाच राहू दिला, पण वडिलांवर ते अडले. "वडलाची ओळ दिसली पायजे. नाव नसलं तं रिकामी राहो. पण ओळ पायजे."

मी कोपऱ्यात टाइप करत होते ती थांबले. सर माझ्याकडे पाहतील असं वाटलं, पण त्यांनी पाहिलं नाही.

"भाऊ," सर म्हणाले, "तुमी कंडक्टर होते. सीटवर कोणी बसलं नसलं, तं तिकीट फाडत होते का?"

"नाई. कायले फाडीन?"

"मंग जो माणूस नाही, त्याची ओळ कायले फाडता? असला तं दिसन. नसला तं ओळच येणार नाही, खालची वर सरकन."

सरकण्याची गोष्ट निघाल्यामुळे असेल, भाऊंना ते पटलं. म्हणाले, "बरं. पण हॉलात कोणी विचारलं, तं मी नाई सांगणार. तुमी सांगा."

"आधी विचारू तं द्या," सर म्हणाले.

आई यायला तयार नव्हती. मी तिला कार्ड मोबाइलवर दाखवायला गेले तर तिने हात झटकला. शेवटी मामाच मारेगावहून कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आला आणि तिला जवळजवळ ओढतच घेऊन निघाला. हॉलमध्ये ती शेवटच्या रांगेत, चपलांच्या ढिगाशेजारी बसली. लगेच उठता यावं म्हणून पिशवीसुद्धा तिने मांडीवरून खाली ठेवली नाही.

सकाळी कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी भाऊ घाईघाईने सरांच्या लॅपटॉपपाशी आले. "सर, एक काम करा. मामाचं नाव लाल अन् मोठ्या अक्षरात पायजे. मामा मंडळी येऊन राह्यली, त्याईले बरं वाटन." सरांना ऐन वेळी केलेले बदल म्हणजे अंगावर पाल पडल्यासारखे. पण हॉलमध्ये मामा मंडळी खरंच येऊन बसत होती. सरांनी दात-ओठ खात बदल केला आणि आपल्या सवयीप्रमाणे स्वतःच्या कार्डावर तपासून पाहिला. पुस्तिकेत दरवर्षी त्यांचंही नाव असे, तसं इथे त्यांचं कार्ड होतंच. ते व्यवस्थित उमटलं. फक्त एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नाही. सरांच्या आईला भाऊ नव्हता. त्यामुळे त्यांच्या कार्डावर मामाची ओळ मुळातच येत नव्हती.

पहिलं कार्ड पडद्यावर आलं. उमरखेडकडचा मुलगा, शिक्षण, उंची, वडील, आई, सगळं ठीक. खाली लाल मोठ्या अक्षरांत मामा, आणि पुढे इंग्रजीत 'ऑब्जेक्ट ऑब्जेक्ट'.

पहिल्या रांगेतले एक निवृत्त गुरुजी मोठ्याने वाचू लागले. "मामा... ऑब्जेक्ट. ऑब्जेक्ट. नाव अन् आडनाव एकच दिसते." कोणी फारसं मनावर घेतलं नाही, आजकाल लोक काहीही नावं ठेवतात. दुसरं कार्ड मुलीचं होतं. मामा, ऑब्जेक्ट ऑब्जेक्ट. "अरे, याच मामाची भाची दिसते," कोणीतरी म्हणालं. तिसरं कार्ड. तोच मामा. चौथ्याला मागून एक आजी म्हणाल्या, "बाप्पा, किती बहिणी हाय या माणसाले." पाचव्या कार्डाला हॉलमध्ये कुजबूज उठली आणि भाऊ माईकजवळ जाऊन उभे राहिले.

"थांबा," भाऊ म्हणाले. "सगळ्याईचा मामा एकच दिसून राह्यला. म्हंजे ह्या सगळ्याईच्या आया सख्ख्या बहिणी. म्हंजे हे पोरं-पोरी एकमेकाईचे मावसभाऊ अन् मावसबहिणी. आमच्यात मामाच्या पोरीशी चालते, मावशीच्या पोराशी कसं चालन? इथं कोणाची कोणाशी सोयरीक होऊच शकत नाई."

हे बोलणं इतकं बिनतोड होतं की क्षणभर सगळ्यांना पटलं. मंचाजवळ दोन घराणी शेजारी-शेजारी बसली होती. त्यांचं जवळपास ठरल्यात जमा होतं, आज फक्त चारचौघांत बोलायचं बाकी होतं. त्यातल्या एका बाईने खुर्ची हळूच अर्धा हात पलीकडे सरकवली. खरे मामा तर उठूनच उभे राहिले. "माह्या भाच्याचा मामा मी हाय, हा ऑब्जेक्ट कोण व्हय?" असं म्हणत एक जण पडद्यापर्यंत गेला. उठलेल्यांत आमचाही मामा होता. मारेगावहून इस्त्री करून आलेल्या माणसाला दुसऱ्या कोणाच्या नावाने लाल अक्षरं पाहावी लागणं हे त्याला सोसवेना.

सर लॅपटॉपकडे पाहत बसले होते. चेहरा पार उतरलेला. त्यांचे ओठ हलत होते; उमेदवार आहे का, आहे. आई आहे का, आहे. आईला भाऊ आहे का, आहे. सगळी दारं वाजवलेली होती. मी मागून वाकून पाहिलं आणि मला दिसलं.

"सर," मी हळूच म्हटलं, "तुमी दार वाजवलं, पण आत गेलेच नाई."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. 'आई टिंब भाऊ' एवढंच लिहून ते थांबले होते. पुढचं टिंब आणि नाव राहून गेलं होतं. आयुष्यभर ज्या चुकीपायी पोरांना ढेपवाल्याकडे पाठवलं, तीच चूक भर हॉलमध्ये लाल मोठ्या अक्षरांत. त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. तो की-बोर्ड त्यांनी तोवर कोणालाच दिला नव्हता. मी एक टिंब टाकलं, त्यापुढे 'नाव' लिहिलं आणि पान पुन्हा उघडलं.

भाऊंनी माईकवर जाहीर केलं, "कॉम्प्युटरच्या चुकीनं सगळ्याईचा मामा एक झालता. आता ज्याचा त्याचा मामा त्याले वापस भेटन. आपापल्या जागी बसून घ्या." लोक हसत बसले. त्या बाईने खुर्ची परत जवळ घेतली. कार्डं पुढे सरकू लागली, आणि भाऊ प्रत्येक कार्डाला "चला, पुढं" म्हणू लागले.

माझं कार्ड आलं तेव्हा मी सरांच्या शेजारीच बसले होते. नाव, शिक्षण, उंची. मग सरळ आई. वडिलांची ओळ नव्हती आणि तिची जागाही नव्हती; खालचं वर सरकून कार्ड भरलेलं दिसत होतं. आईचं पूर्ण नाव. शिक्षण, दहावी. काम, अंगणवाडी सेविका. आईचं गाव. खाली लाल अक्षरांत मामा आणि मारेगाव. मी मागे वळून पाहिलं. आई पडद्याकडे पाहत होती. स्वतःचं नाव इतकं मोठं तिने कधी पाहिलं नव्हतं.

"चला, पुढं," भाऊ म्हणाले.

"थांबा," बाभुळगावचे एक गृहस्थ उभे राहिले. धोतर, काळी टोपी, आवाजात गुर्मी नव्हती. "पोरगी शिकेल हाय. पण पोरीचे वडील काय करते?"

भाऊंनी छताकडे पाहिलं. आपण उत्तर देणार नाही, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. सरांनी माईक आपल्याकडे ओढला, त्यावर बोटाने टकटक केली आणि म्हणाले, "आधी आहे का, थे विचारा."

हॉल हसला. सरांची सवय सगळ्यांना माहीत होती. गृहस्थही थोडे गोंधळून हसले आणि म्हणाले, "बरं बाप्पा. पोरीले वडील हाय का?"

सर उत्तर देणार होते की मी देणार होते, मला आठवत नाही. मागून आवाज आला.

"नाई."

आई उभी होती. मांडीवरची पिशवी शेजारच्या खुर्चीवर ठेवलेली. "वडील नाई. मी आहे. काय विचाराचं थे मले विचारा."

मला रडू आलं आणि ते मी लपवलंही नाही. बाभुळगावच्या गृहस्थांनी टोपी नीट केली. "तसं नाई बाई," ते म्हणाले. "तुमी काय करता, थेच विचारतो मंग."

कोणीतरी माईक तिच्यापर्यंत पोचवला. आईने आयुष्यात पहिल्यांदा माईक धरला, आणि एकदा धरल्यावर तो सोडायचं तिला सुचलंच नाही. अंगणवाडीत सकाळी काय शिजतं, पोरांची वजनं कशी घ्यावी लागतात, वजनाच्या पाळण्यात बसताना कोण रडतं, सरपंचाच्या नातवाला तिने मुळाक्षरं कशी शिकवली, मला कसं शिकवलं, घर कसं बांधलं आणि त्यात विटा कोणी वाहिल्या. मधेच एकदा ती पडद्याकडे बोट करून म्हणाली, "थे माहंच नाव हाय." भाऊ चुळबुळ करू लागले.

"बाई, लय झालं. बाकीचे बी हाय. पुढं सरका."

"थांबा भाऊ," आई म्हणाली. "भावाचं सांगाचं राह्यलं."

"सर, पुढचं कार्ड लावा."

सर हाताची घडी घालून बसले होते. "कसं लावू?" ते म्हणाले. "आईचा डबा अजून उघडा आहे."

ते बाभुळगावचे गृहस्थ पुढे माझे सासरे झाले. अजूनही कोणाकडे स्थळाची चौकशी करायला गेले की आधी आहे का विचारतात, मग काय आहे ते विचारतात, आणि सासूबाई कपाळाला हात लावतात. सरांना मात्र त्या मेळाव्यातही कोणी काही विचारलं नाही. त्यांचं कार्ड आलं, भाऊ "चला, पुढं" म्हणाले, ते गेलं. आता क्लास बंद आहे. सर वर्ध्याला बहिणीकडे राहतात. पत्ता फोनवर सांगतात तेव्हा त्यात मोजून घ्यावीत इतकी टिंबं असतात.

त्या दिवशी संध्याकाळी मेळावा संपल्यावर आम्ही तिघं बसस्टँडवर आलो. मामा दुपारच्याच गाडीने मारेगावला गेला होता, आपलं नाव लाल अक्षरांत पाहून खूश होऊन. सर दिवसभर त्या चुकीवरून स्वतःवर धुमसत होते. आई मान ताठ ठेवून चालत होती आणि पिशवी आता खांद्याला होती. चहाच्या गाडीपाशी सर थांबले. त्यांनी शेगडीकडे पाहिलं नाही, भगोन्याकडे पाहिलं नाही. सरळ म्हणाले, "तीन चहा."

चहावाल्याने गाळणी हातात तशीच धरून त्यांच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे, मग आईकडे.

"सर की तबियत ठीक है ना?" त्याने विचारलं.

"ठीक है," आई म्हणाली. "शेगडी आहे, भगोनं आहे, चहा आहे. म्या पाह्यलं. तुमी कप भरा."